नादारी अर्जासाठी वकील: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीतील गाळ्यात एकोणीस वर्षे चालवलेला ऑफसेट छपाईचा व्यवसाय मी बंद केला आणि त्यानंतर काही महिन्यांतच मुंबई उच्च न्यायालयात नादारीचा, म्हणजे देणी फेडणे आपल्याला शक्य नाही असे सांगणारा, अर्ज दाखल केला. त्या कामासाठी ज्या वकीलबाईंची नेमणूक केली, त्यांच्याबरोबरच्या चौदा महिन्यांचा हा अनुभव आहे. त्यांचे नाव देत नाही. प्रकरण अजून न्यायालयात आहे, आणि वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई असल्यामुळे अशिलाने केलेले कौतुकही त्यांना अडचणीचेच ठरायचे. वकील कसा शोधला आणि नेमणुकीनंतर काय पटले, काय खटकले, हे नावाशिवायही सांगता येते.

व्यवसाय बंद केला तेव्हा माझ्या डोक्यावर चार प्रकारची देणी होती: छपाई यंत्रावर बँकेचे तारण कर्ज, तीन वित्तसंस्थांची विनातारण व्यवसाय कर्जे, दोन कागद व्यापाऱ्यांची उधारी आणि थकलेला जीएसटी. कागदवाल्यांना दिलेले धनादेश न वटल्यामुळे दोन्ही ठिकाणांहून नोटिसा आलेल्या होत्या. या सगळ्याला मी ‘कर्ज’ असे एकच नाव देत होतो, आणि माझी पहिली चूक तीच होती.

नात्यातल्या एकाच्या ओळखीने प्रथम ज्या वकिलांकडे गेलो, त्यांची प्रॅक्टिस तीस वर्षांची होती आणि भाडेकरूंच्या दाव्यांत त्यांचे नाव होते. माझे बोलणे अर्धवट ऐकून त्यांनी ‘आपण एनसीएलटीत जाऊ, सहा महिन्यांत मोकळे व्हाल’ असे सांगितले (एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) आणि फीचा आकडा कागदावर लिहून पुढे सरकवला. माझी संस्था कंपनी आहे, भागीदारी आहे की एकट्याच्या मालकीची, हे त्यांनी विचारलेच नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील कंपन्यांविषयीच्या तरतुदी त्याच वर्षीच्या १ डिसेंबरपासून लागू झाल्या. व्यक्तींविषयीचा भाग मात्र १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता अमलात आला आहे. माझ्यासारख्या एकट्या मालकाला किंवा पगारदाराला आजही जुनाच कायदा लागू होतो: मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, आणि इतरत्र १९२० चा प्रांतिक कायदा. हे सारे मला नंतर कळले. त्या दिवशी मी तीस वर्षांच्या अनुभवाकडे पाहून जवळजवळ होकार देऊन बसलो होतो.

दुसरा अनुभव अधिक धोक्याचा होता. भ्रमणध्वनीवर ‘कर्जमुक्ती’च्या जाहिराती दिसू लागल्या होत्या, त्यांतल्या एका सल्लागार संस्थेच्या कार्यालयात मी गेलो. हप्ते भरणे थांबवा, दरमहा ठरावीक रक्कम आमच्याकडे जमा करा, तडजोडीत जेवढी रक्कम वाचेल तिच्यातला काही टक्के भाग आमचा, असा त्यांचा प्रस्ताव होता. समोर बसलेला तरुण वकील नव्हता. असता, तर निकालावर अवलंबून फी ठरवणे त्याला नियमानेच वर्ज्य असते. जाता जाता त्याने रत्नागिरी जिल्ह्यातील माझी अकरा गुंठे जमीन पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकण्याचा सल्लाही दिला. घरी परतताना मला तो सल्ला शहाणपणाचा वाटला होता, हे कबूल करतो.

त्यानंतर मी ओळखी आणि जाहिराती दोन्ही बाजूला ठेवल्या. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहता येतो आणि त्यात प्रत्येक मॅटरसमोर वकिलांची नावे असतात. तीन आठवडे मी नादारीच्या अर्जांसमोरची नावे एका वहीत लिहून काढली. ही कामे मुळात फार नाहीत, त्यामुळे तीच चार-पाच नावे पुन्हा पुन्हा येत राहिली. त्यांतल्या दोघांची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे पडताळून घेतली आणि भेटीची वेळ मागितली. एकाने कळवले की सध्या नवे काम घेत नाही. दुसऱ्या या वकीलबाई.

फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचे लहानसे कार्यालय आहे. पहिल्या भेटीचे त्यांनी तीन हजार रुपये घेतले आणि दीड तास दिला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता: ‘राहता कुठे आणि धंदा कुठे करत होतात?’ मी डोंबिवलीला राहतो, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयात थेट अर्ज करता येतो त्या शहराच्या हद्दीबाहेर, कायद्याच्या भाषेत मूळ दिवाणी अधिकारक्षेत्राबाहेर. परंतु अर्जाच्या आधीच्या एका वर्षात त्या क्षेत्रात व्यवसाय केलेला असला, तरी अर्ज मुंबईत चालतो. गाळा सोडल्याला तेव्हा सात महिने झाले होते. अजून पाच महिने मी घोळ घातला असता, तर न्यायालय आणि कायदा दोन्ही बदलले असते. आधीच्या दोन्ही ठिकाणी हा प्रश्न कोणाच्याही तोंडून आला नव्हता, आणि माझा निर्णय खरे तर तिथेच झाला.

पुढचा तासभर त्यांनी काय होणार नाही, एवढेच सांगितले. नादार घोषित करणारा आदेश झाला की माझी मालमत्ता, ती कुठेही असो, ऑफिशियल असायनीकडे, म्हणजे नादार माणसाची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाईल आणि सामान्य धनको न्यायालयाच्या परवानगीशिवाय माझ्यामागे लागू शकणार नाहीत. तारण घेतलेल्या बँकेचा यंत्रावरचा हक्क मात्र तसाच राहील. न वटलेल्या धनादेशांचे खटले फौजदारी असल्यामुळे ते थांबणार नाहीत. शेवटी मुक्ततेचा, म्हणजे जुन्या देण्यांतून मोकळे करणारा, आदेश मिळाला, तरी सरकारी देणे त्याने पुसले जाणार नाही, म्हणजे जीएसटी डोक्यावर राहीलच. पूर्वीच्या नोकरीतला माझा भविष्यनिर्वाह निधी तेवढा सुरक्षित होता, कारण त्या निधीच्या १९५२ च्या कायद्यातच ऑफिशियल असायनीचा त्यावर हक्क नाही असे म्हटलेले आहे. जमिनीच्या बक्षीसपत्राविषयी विचारले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोबदला न घेता केलेले हस्तांतर आणि त्यानंतर दोन वर्षांत नादारी, असे घडले की ते हस्तांतर ऑफिशियल असायनीपुढे टिकत नाही, आणि वर माणसाच्या हेतूवर डाग लागतो तो वेगळाच. बक्षीसपत्र मी केले नाही. ती जमीन आज माझी नाही. पण मी कोणाला फसवले असे कोणी म्हणू शकत नाही.

आणखी एका बाबतीत त्यांनी मला अडवले. एक कागद व्यापारी माझा वीस वर्षांचा स्नेही होता आणि शिल्लक पैशांतून आधी त्याचे देणे मिटवावे, अशी माझी इच्छा होती. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एका धनकोला झुकते माप दिले, तर तो व्यवहारही रद्द होऊ शकतो, असे त्यांनी सांगितले. पुढे त्याच्या धनादेशाचा खटला माझ्या थोरल्या भावाने स्वतःच्या पैशांतून तडजोड करून मिटवला. दादाच्या त्या उपकारावर इथे जास्त लिहीत नाही.

नेमणुकीच्या अटी लेखी होत्या. फी एक लाख साठ हजार रुपये, चार टप्प्यांत. पहिला टप्पा वकीलपत्रावर सही करताना, दुसरा अर्ज दाखल होताना, तिसरा नादारीच्या आदेशानंतर आणि शेवटचा मुक्ततेच्या अर्जाच्या सुनावणीच्या वेळी, निकाल काहीही लागो. प्रत्येक रकमेची पावती मिळाली. धनादेशाचे खटले आपण चालवत नाही, असे सांगून त्यांनी मॅजिस्ट्रेट कोर्टातले दुसरे वकील सुचवले. तेव्हा मला हा दुहेरी खर्च वाटला होता. आता वाटते, ज्या कामात आपला हात नाही ते न घेणारी माणसे या व्यवसायात थोडी असावीत.

आता तक्रारी. अर्ज दाखल केल्यावर प्रथम लॉजिंग नंबर, म्हणजे तात्पुरता क्रमांक, मिळतो, न्यायालयाच्या कार्यालयाने काढलेली ऑब्जेक्शन्स, म्हणजे त्रुटी, दूर केल्यावरच तो रीतसर क्रमांकाला लागतो. आमच्या अर्जाला तीनदा ऑब्जेक्शन्स निघाली: पृष्ठक्रमांक चुकलेले, बँकेच्या उताऱ्यांच्या झेरॉक्स न वाचता येण्याजोग्या, एका मराठी कागदाचे भाषांतर जोडलेलेच नाही. यात माझा काही दोष नव्हता, हा त्यांच्या कार्यालयाचा गलथानपणा होता आणि त्यात सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत वसुलीवाले घरी येतच होते. त्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, तरी ते रात्रीही फोन करत. वकीलबाईंनी वित्तसंस्थांना पत्रे पाठवल्यावर हा त्रास कमी झाला, थांबला नाही. नादारीचा आदेश झाल्यावर थांबला.

किरकोळ खर्च पंधरा हजारांच्या आत राहील, असे सांगितले गेले होते. तो सत्तावीस हजारांवर गेला. हिशोब पैशापैशाचा मिळाला, पण आधीचा अंदाज चुकला तो चुकलाच. साध्या तारखांना त्या स्वतः येत नाहीत, ज्युनियर येतो. मुलगा हुशार आहे, पण एकदा माझ्या प्रकरणाची फाइल न वाचताच उभा राहिला होता आणि मला मागून त्याच्या कानात बोलावे लागले. फोन त्या उचलत नाहीत. संदेशाचे उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येते, कधी तिसऱ्या. रात्रीची झोप उडालेल्या माणसाला ते दोन दिवस फार लांब वाटतात, आणि याची कल्पना त्यांनी पहिल्याच भेटीत द्यायला हवी होती.

ज्या ठिकाणी त्यांचे मोल कळले, तो टप्पा माझ्या जाहीर तपासणीचा. नादार माणसाला त्याच्या व्यवहारांविषयी न्यायालयात शपथेवर प्रश्न विचारले जातात. माझ्या शेवटच्या आठ महिन्यांच्या खतावण्या लिहिलेल्याच नव्हत्या. नादारीच्या आधीच्या तीन वर्षांची योग्य हिशोबपुस्तके नसणे ही मुक्ततेच्या आड येणारी गोष्ट आहे, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगून ठेवले होते आणि माझ्या जुन्या हिशोबनिसाला बसवून, बिले जुळवून, त्या पूर्ण करायला लावल्या होत्या. तपासणीच्या आधी दोन संध्याकाळी त्यांनी स्वतः माझ्याकडून उत्तरे म्हणून घेतली. मी जिथे सारवासारव करू लागलो, तिथे थांबवले. ‘खतावण्या उशिरा लिहिल्या, हे तुम्हीच आधी सांगा, विचारायची वाट पाहू नका,’ एवढेच त्यांचे सांगणे होते. तसे सांगितले, आणि त्या मुद्द्यावर पुढे एकही प्रश्न आला नाही.

शंभराहून अधिक वर्षांच्या या कायद्यातले आकडे मात्र वाचताना हसू येते. पाचशे रुपयांचे देणे असले की अर्ज करता येतो. अवजारे, कपडे, अंथरुणे, भांडी मिळून तीनशे रुपयांपर्यंतच्या वस्तू कुटुंबाकडे राहतात. आणि मुक्तता होईपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा ठरतो. हे शेवटचे कलम वकीलबाईंनी मला दोनदा वाचून दाखवले. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे महिन्याचे खाते होते, ते मी त्याच आठवड्यात बंद करून रोखीवर आलो.

सध्या मी भांडुपच्या एका छापखान्यात पर्यवेक्षक म्हणून काम करतो. मुक्ततेचा अर्ज दाखल झालेला आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तो बोर्डावर येईल, असे ज्युनियरने कळवले आहे. फीचा शेवटचा चाळीस हजारांचा टप्पा तेव्हा द्यायचा आहे. त्या सुनावणीला त्यांनी स्वतः उभे राहावे, असे मी त्यांना लेखी कळवले आहे, आणि या वेळी उत्तर त्याच दिवशी आले.