रितो बंदरात पाच महिने: एका क्लिअरिंगवाल्याचा अनुभव

माझा धंदा न्हावा शेव्यात कस्टम क्लिअरिंगचा. दिवसभर बिल ऑफ एंट्री, अडकलेले कंटेनर, डेमरेजवरून (माल उचलायला उशीर झाल्याच्या दंडावरून) फोनवर भांडणं. घरी आल्यावर पुन्हा बंदराचं तोंड बघावं अशी काही माझी इच्छा नव्हती. पण भाच्याने फोनमध्ये 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा खेळ टाकून दिला आणि म्हणाला, "मामा, निदान इनाझुमापर्यंत खेळ. तिथलं बंदर बघून तू वेडा होशील."

ते खरं निघालं, फक्त तिथवर पोचायला दोन महिने गेले. साहस श्रेणी, म्हणजे खेळाडूची पातळी, ३० झाल्याशिवाय आणि आधीची कथा पुरी केल्याशिवाय इनाझुमाचं दार उघडत नव्हतं. राक्षस मारणं, पेटाऱ्या शोधणं हे सगळं मी वेठबिगारीसारखं उरकलं. मग एकदाचं बेईदो नावाच्या कप्तानीणबाईंच्या आल्कोर जहाजावरून, विजांच्या वादळातून वाट काढत रितोला लागलो.

इनाझुमा हा या खेळातला जपानी वळणाचा देश आणि रितो हे त्याचं परदेशी लोकांसाठीचं बंदर. लाकडी धक्का, लालभडक मॅपलची झाडं, दुकानांच्या ओळी. उतरल्या उतरल्या तलवार उपसावी लागेल म्हणून मी बोटं तयार ठेवली होती. समोर आलं काय, तर नोंदणी! परदेशी माणसाची नोंद, तिचं शुल्क, आणि वर बेटाबाहेर जायला परवानगी नाहीच. देशाच्या तिजोरीचा आणि सीमेचा कारभार कांजो आयोगाकडे. त्यांची माणसं कर वाढवतात आणि परदेशी व्यापारी हात चोळत बसतात. मी बायकोला हाक मारून दाखवलं, "हे बघ, माझं ऑफिस."

धक्क्यावर थोमा भेटतो. वरवर हसतमुख मदतनीस, पण मागे यशिरो या दुसऱ्या आयोगाच्या कामिसातो घराण्याचा माणूस. ज्याला सगळ्या खिडक्या ठाऊक, ज्याच्या एका शब्दावर कारकून नरमतो, असा एक तरी गडी प्रत्येक बंदरात असतो. हे पात्र ज्याने लिहिलं त्याने कधीतरी सहीसाठी रांगेत ताटकळलं असणार, अशी माझी पक्की समजूत आहे. कुठल्या लढाईपेक्षा मला हाच भाग जास्त आवडला. शहराने तुम्हाला उंबऱ्यावरच अडवून ठेवावं, आणि आत जायला शौर्य नाही तर ओळख कामी यावी, हे खेळात क्वचितच दिसतं.

या अडवणुकीची मुळं जपानच्या खऱ्या इतिहासात आहेत. खेळातल्या हुकुमाचं नावच साकोकू, म्हणजे देशाची दारं बंद. नागासाकीच्या खाडीत १६३६ साली देजिमा नावाचं पंख्याच्या आकाराचं छोटं कृत्रिम बेट बांधून झालं, ते पोर्तुगीजांना एका जागी डांबून ठेवायला. १६३९ मध्ये पोर्तुगीजांची जहाजं बंद झाली आणि १६४१ मध्ये डचांना तिथे आणून बसवलं. गावाशी जोडणारा एक पूल, त्यावर पहारा. पुढची दोनशेहून जास्त वर्षं जपानचा युरोपशी व्यापार चालला तो मुख्यतः याच चिमुकल्या जागेतून. 'रितो' या शब्दाचा जपानी अर्थही दूरचं, वेगळं पडलेलं बेट असाच आहे.

आता जरा घरची गोष्ट. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. तिथे डच वखारीच्या पडक्या भिंती आहेत, लहानपणी आम्ही त्यात लपाछपी खेळायचो. त्याच डच ईस्ट इंडिया कंपनीचे लोक तिकडे देजिमावर कोंडलेले होते, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एका खेळाच्या निमित्ताने वाचताना कळलं. पोर्तुगीजांची नागासाकीला जाणारी मोठी जहाजंही गोव्याहूनच, मकाववरून जायची. शाळेत आम्हाला वखार म्हणजे एक सन आणि एक गाळलेली जागा एवढंच होतं.

पण बंदर म्हणून रितो कच्चं आहे. पहिली गोष्ट, भरती-ओहोटी नाही! मी पंधरा-वीस मिनिटं धक्क्याच्या एकाच खांबाकडे बघत बसलो, पाणी तसूभर हललं नाही. कोकणातल्या माणसाला हा समुद्र वाटतच नाही, तळं वाटतं. दुसरं, खोकी रचलेली आहेत पण ती उचलणारे हात दिसत नाहीत. जहाजं उभीच्या उभी. माल हलला नाही तर कर कशावर घेणार? लोक ठरलेल्या जागी ठरलेलं बोलतात. पहिल्या आठवड्यात ते गोड वाटतं, तिसऱ्या महिन्यात मी त्यांची वाक्यं त्यांच्याआधी म्हणू लागलो.

२०२२ च्या वसंतात इथे इरोदोरी नावाचा मोठा उत्सव भरला होता, दुकानं, गर्दी, सगळं. ज्याने तेव्हा खेळलं त्याने बघितलं. आता भाच्याने काढून ठेवलेले फोटो बघायचे.

पैशांचं थोडक्यात सांगतो. नवं पात्र मिळवायची एक सोडत १६० प्रायमोजेमची. हे खेळातलं चलन, खेळून मिळतं नाहीतर खरे पैसे देऊन घ्यायचं. रोजची चार कामं केली की ६० मिळतात. पंचतारांकित पात्राची शक्यता ०.६ टक्के, नाहीतर नव्वदाव्या सोडतीला नक्की. गणित उघड मांडलेलं आहे, तरी गणपतीच्या सुट्टीत रात्री दीड वाजता मी कार्ड काढलंच. चूक माझी. घरात लहान मुलं असतील तर कार्डची माहिती फोनमध्ये साठवू नका. भाषांच्या यादीत मराठी नाही, हिंदीही नाही. आवाज मी जपानी ठेवला आणि खालचं इंग्रजी वाचत गेलो. फोन जुना असेल तर चटके बसतील इतका तापतो, माझा तापतो.

अजूनही झोपण्याआधी पाच मिनिटं रितोच्या धक्क्याच्या टोकाशी जातो. खेळातलं घड्याळ फिरवून संध्याकाळ करतो, दिवे लागतात, मॅपलची पानं पडत राहतात. काम काहीच करत नाही. भाचा म्हणतो पुढच्या देशात, सुमेरूला जा, तिथेही पोर्ट ऑर्मोस नावाचं बंदर आहे, आणि तिथे माल हलताना दिसतो म्हणे. बघू. आधी फोन बदलावा लागेल.