‘मॅकबेथ’च्या स्पायरल नोट्स: पैसे वसूल, फक्त पान ३१ सोडून

परीक्षा तोंडावर आली की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानांत शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाच्या स्पायरल नोट्सचे गठ्ठे काउंटरवरच लागलेले असतात. त्यातला भरपूर खपणारा एक संच इथं तपासलाय. कुणी काढलाय ते मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच मजकुराच्या चार-पाच कॉप्या वेगवेगळ्या कव्हरखाली फिरतात. ९६ पानं, किंमत दीडशे. इंग्रजीत उत्तर आणि खाली मराठीत खुलासा.

प्रवेशवार सारांश खरंच चांगला आहे. कोण रंगमंचावर आहे, कोण ऐकतंय, कुठलं बोलणं स्वगत आहे, एवढं नीट दिलंय. बाजारातल्या बऱ्याच छापील गाइडांत हेही नसतं. शब्दार्थही कामाचे. तेवढ्यासाठी दीडशे रुपये जड नाहीत.

गडबड पान ३१ वर आहे आणि मुलं नेमकं तेच पान पाठ करतात. प्रश्न नेहमीचा: मॅकबेथच्या नैतिक अधःपतनाला कोण कारणीभूत? उत्तरात पाच मथळे: चेटकिणी, लेडी मॅकबेथ, महत्त्वाकांक्षा, नशीब, परिस्थिती. प्रत्येकाला आठ-आठ ओळी, जणू पाच भावांत वाटणी केलीय. नाटकात मात्र हे प्रभाव एकाच वेळी, एकाच जोरानं चालत नाहीत. एक सुरुवात करून देतो, दुसरा ढकलतो, आणि पुढं सगळेच मागं पडतात. हा क्रम उत्तरात आला नाही तर प्रश्नाला हातच लागला नाही म्हणायचं.

चेटकिणींपासून बघा. अंक १, प्रवेश ३ मध्ये त्या मॅकबेथला तीन संबोधनं देतात: ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार, पुढं राजा. खून कर असं कुणीच म्हणत नाही. नोट्समध्ये ‘चेटकिणींनी खुनाला प्रवृत्त केले’ असं छापलंय, ते सरळ चूक आहे. कॉडॉरची सरदारकी खरोखर मिळाल्याची बातमी येते, तेव्हा स्वतःशी बोलताना ‘खून’ हा शब्द पहिल्यांदा मॅकबेथच उच्चारतो. शेजारी त्याचा सोबती सरदार बँको उभा आहे. तुझे वंशज राजे होतील, असं त्यालाही सांगितलंय. तो उलट सावध करतो: अंधाराचे हस्तक किरकोळ गोष्टींत खरं बोलतात आणि मोठ्या गोष्टीत गळा कापतात. भविष्यवाणी दोघांना, गळाला लागला एकच. उत्तरात बँको नसेल तर चेटकिणींवरचा परिच्छेद अर्धाच राहतो.

पुढच्याच प्रवेशात राजा डंकन थोरल्या मुलाला, माल्कमला, वारस जाहीर करतो. नोट्समध्ये याला अर्धी ओळ मिळालीय. त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये गादी आपोआप थोरल्या मुलाकडं जायचीच असं नव्हतं. म्हणून ही घोषणा होईपर्यंत मॅकबेथला ‘बघू, नशिबात असेल तर मिळेल’ असं म्हणायला जागा होती, ती इथं संपते. परिस्थिती हा मथळा लिहायचाच असेल तर दाखला हा द्या.

आता खरा गाभा: अंक १, प्रवेश ७. नोट्समध्ये अर्धं पान, हवीत तीन पानं. डंकनला मारावं का, याचा मॅकबेथ एकटा हिशोब मांडतो. मी त्याचा आप्त, मी त्याचा प्रजाजन, आज मी यजमान, आणि डंकन राजा म्हणून निष्कलंक. वर, रक्ताचा धडा दिला की तो शिकवणाऱ्यावरच उलटतो. खुनाच्या बाजूनं त्याच्याकडं उरते फक्त महत्त्वाकांक्षा. बायको येताच तो सांगून टाकतो, हे प्रकरण इथंच थांबवू. म्हणजे बरं-वाईट त्याला पक्कं कळतंय. लेडी मॅकबेथ यांपैकी एकाही मुद्द्याला उत्तर देत नाही. ती त्याच्या प्रेमावर, मग धाडसावर, मग मर्दपणावर शंका घेते. पाजत्या लेकराचं डोकं आपटून फोडेन पण दिला शब्द मोडणार नाही, असं सुनावते. तरीही तो विचारतो: फसलो तर? पहारेकऱ्यांना दारू पाजून आळ त्यांच्यावर ढकलायचा बेत ती मांडते, तेव्हा कुठं तो तयार होतो. नैतिक शंकेचं निरसन झालेलंच नाही, फक्त पकडलं जाण्याची भीती गेली. हे वाक्य उत्तरात आलं की परीक्षकाचा पेन थांबतो.

याच प्रवेशाची शेवटची ओळ (खोट्या मनातलं खोट्या चेहऱ्याआड लपवू) नोट्समध्ये लेडी मॅकबेथच्या तोंडी घातलीय. ती मॅकबेथची आहे. निरागस फुलासारखा दिस, खालचा साप हो, हा सल्ला तिनं प्रवेश ५ मध्ये दिलेला. इथं तो तिच्याच भाषेत बोलू लागलाय. पेननं दुरुस्त करून घ्या.

तिचा प्रभाव कुठं संपतो हे नोट्स सांगतच नाहीत. अंक ३, प्रवेश १ मध्ये मॅकबेथ बँकोसाठी मारेकरी तयार करतो, आणि ‘मर्द असाल तर’ हीच चावी वापरतो. जी त्याच्यावर चालली तीच. पुढच्या प्रवेशात बायको विचारते, काय करणार आहात? तो म्हणतो, तुला माहीत नसलेलंच बरं. तिचं काम तिथं संपलं. अंक ४ मध्ये विरोधात गेलेल्या सरदार मॅकडफची बायका-मुलं कापली जातात, तेव्हा तिला कुणी विचारलेलंही नाही. चेटकिणींनी दाखवलेल्या छायांनी मॅकडफबद्दल ‘त्याच्यापासून सावध’ एवढंच म्हटलं होतं. त्या हत्याकांडातून त्याला काही मिळायचंही नसतं. त्यामुळं शेवटपर्यंत ‘लेडी मॅकबेथमुळे’ लिहिणाऱ्याचे मार्क इथंच जातात.

पान ४० वर एक चौकट आहे: तळीराम म्हणजे मराठीतली लेडी मॅकबेथ. वर्गात टाळ्या मिळतील, पेपरात टाळा. ‘एकच प्याला’त सुधाकरची वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते, अपमान विसरायला तो पहिला घोट घेतो आणि पेला तळीरामच्या हातचा असतो. सुधाकरला कुणाची गादी नको आहे आणि पिण्याआधी त्यानं मॅकबेथसारखा उलटसुलट हिशोबही मांडलेला नाही. तुलना करायचीच तर हा फरक लिहून करा.

पार्श्वभूमीचं पान वरवरचं आहे. शेक्सपिअरनं ज्यावरून कथा घेतली त्या हॉलिन्शेडच्या बखरीत डंकन मवाळ राजा आहे आणि बँको कटात सामील आहे. शेक्सपिअरनं दोन्ही काढून मॅकबेथच्या सबबी कमी केल्या. एवढं समासात टिपून ठेवा.

बांधणीबद्दल: भोकांच्या बाजूला समास कमी, डावीकडची अक्षरं तारेत जातात. दुकानात उघडून पान ३० ते ४५ तपासा, काही कॉप्यांत ३६ आणि ३७ उलटी लागलीत. एकूण नोट्सना गुण: पाचपैकी तीन. सोबत टिपांसह मूळ संहिता घ्याच, आणि पान ३१ च्या पाचही मथळ्यांसमोर अंक-प्रवेश क्रमांक स्वतः लिहा. ‘नशीब’समोर लिहायला फारसं काही सापडणार नाही.