हायवेवर हँडल थरथरते: आधी चाक बॅलन्स करावे की कोनसेट बदलावा?

ठाण्यातल्या माजिवड्याहून नाशिक महामार्गाला लागल्यावर मोटारसायकलने सत्तरी ओलांडली की हँडल थरथरू लागते. ही तक्रार गॅरेजमध्ये सांगितली की बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते: ‘चाक बॅलन्स करून घ्या’ किंवा ‘कोनसेट गेला आहे’. बॅलन्स करणे म्हणजे रिमवर छोटी वजने लावून चाकाचा भार सगळीकडे सारखा करणे, आणि कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरते ती मानेतली गोळ्या-वाट्यांची बेअरिंग. एखादा दुकानदार हँडलच्या टोकांना जड वजने बसवण्याचाही सल्ला देतो. या तिन्ही उपायांचा खर्च आणि त्यासाठी गाडी सोडावी लागणारा वेळ सारखा नाही; शिवाय तिघे तीन वेगवेगळ्या दोषांवर लागू पडतात, त्यामुळे पैसे देण्यापूर्वी थरथर चाकाची आहे की इंजिनाची, एवढे तरी स्वतः पाहून घ्यावे.

१००/८०-१७ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.८६ मीटर भरतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला पुढचे चाक सेकंदाला साधारण १२ फेरे घेते. त्याच वेळी ६००० आरपीएमवर चालणारे इंजिन सेकंदाला १०० फेरे घेत असते. म्हणूनच चाकाकडून येणारी थरथर संथ आणि मोठी असते, ती हँडलच्या टोकाशी डोळ्यांना दिसते. इंजिनाची मात्र बारीक गुणगुण असते, ती दिसत नाही, पण अर्ध्या तासात बोटांना मुंग्या आणते. शंका राहिल्यास मागेपुढे वाहन नसलेल्या सरळ रस्त्यावर, दोन्ही हात हँडलवर ठेवून, थ्रॉटल बंद करून क्षणभर क्लच दाबावा. थरथर तशीच राहिली तर दोष चाकाच्या बाजूचा, आणि क्लच दाबताच विरली तर इंजिनाच्या बाजूचा समजावा. हात सोडून चाचणी घेण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे आणि या चाचणीला तेवढा वेग पुरेसा आहे.

ही चाचणी ठाणे-बेलापूर रस्त्यावर घेतल्यास फसगत होण्याची शक्यता आहे. काँक्रीटच्या रस्त्यात ठरावीक अंतरावर आडवे सांधे असतात. ते साडेचार मीटरवर धरले तर ८० च्या वेगाला सेकंदाला जवळपास पाच ठोके बसतात, आणि नवख्या माणसाला तेही गाडीचेच दुखणे वाटते. त्यामुळे डांबरी पट्ट्यावर तीच थरथर पुन्हा जाणवते का, ते पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

आता चाक आणि कोनसेट यांची तुलना. असंतुलित चाकाची थरथर ठरावीक वेगाला सुरू होते, गुळगुळीत रस्त्यावरही येते आणि ब्रेकशी तिचा काही संबंध नसतो. असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४० ला जेवढा असेल त्याच्या चौपट ८० ला होतो. शहरात शांत असलेली गाडी हायवेवर अचानक बिघडल्यासारखी वाटते ती यामुळे. कोनसेटची लक्षणे निराळी आहेत. तो ढिला असेल तर पुढचा ब्रेक दाबताना किंवा खड्ड्यात चाक जाताना हँडलच्या मानेतून ‘टक’ असा आवाज येतो, आणि गाडी साठवरून चाळिसावर उतरताना हँडल डोलू लागते. तो गरजेपेक्षा घट्ट आवळलेला असेल तर हायवेवर फारसे कळत नाही, पण तीन हात नाक्यावरच्या संथ रहदारीत गाडी सरळ रेषेत राहत नाही.

घरच्या घरी दोन्हींची तपासणी होते. पुढचे चाक जमिनीवरून उचलून, चिमट्याची (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची) खालची टोके धरून पुढे-मागे हलवावीत; खेळ जाणवला तर कोनसेट ढिला आहे. मग हँडल एका बोटाने सावकाश फिरवावे. अगदी मधोमध ते खाचेत बसल्यासारखे अडत असेल तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडले आहेत आणि केवळ आवळून काम भागणार नाही. गाडीचे बहुतेक आयुष्य सरळ चालण्यात जाते आणि पावसाळ्यातल्या गायमुखच्या खड्ड्यांचे दणकेही त्याच स्थितीत बसतात, म्हणून झीज नेमकी मध्यभागी होते. चाकासाठी चिमट्याला एक पेन्सिल अशी बांधावी की तिचे टोक रिमच्या कडेपासून जेमतेम सुटे राहील, आणि चाक हाताने फिरवावे. फट कमी-जास्त होत असेल तर रिम आउट, म्हणजे वाकडी झालेली आहे, आणि आउट रिमला कितीही वजने चिकटवली तरी उपयोग नाही. स्पोकच्या चाकात हे स्पोक आवळून सुधारता येते. अलॉय वाकले असेल तर प्रश्न खर्चिक होतो.

माझ्या स्वतःच्या गाडीचा कोनसेट एका गॅरेजने विनाकारण बदलला होता. नवा टायर घातल्यानंतर आठवड्याभरात थरथर सुरू झाली होती, हे मी सांगूनही कोणी टायरकडे पाहिले नाही. शेवटी लक्षात आले की टायरच्या कडेला रिमलगत जी बारीक गोल रेघ असते, ती व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला रिममध्ये जवळजवळ बुडाली होती. टायर तिथे नीट बसलाच नव्हता. हवा काढून, कडेला साबणाचे पाणी लावून, पुन्हा हवा भरल्यावर रेघ सारखी झाली आणि हँडल शांत झाले. तेव्हापासून मी पैशाचा उपाय करण्यापूर्वी ती रेघ, हवेचा दाब आणि रिमवरचे वजन गळून पडल्याची डिंकाची चौकोनी खूण या तीन गोष्टी आधी पाहतो. पंक्चर टाळण्यासाठी टायरमध्ये जेल भरले असेल तर तेही संशयितांत धरावे, कारण ते एका बाजूला साचून सुकते.

हँडलच्या टोकांची जड वजने ही इंजिनाच्या गुणगुणीवरची सोय आहे, चाकाच्या थरथरीवर त्यांचा उपयोग नाही. तीही घेण्याआधी इंजिन माउंटिंगचे बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळून घ्यावेत. काही इंजिनांचा स्वभावच तसा असतो: रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३५० यूसीई इंजिनात बॅलन्सर शाफ्ट (इंजिनाची कंपने उलट भाराने कमी करणारा फिरता दांडा) नव्हता, २०२० मध्ये मीटिअरबरोबर आलेल्या जे-सिरीज इंजिनात तो आहे, आणि दोन्ही गाड्या लागोपाठ चालवल्यास हा फरक तळहातांना कळतो. जुन्या गाडीच्या मालकाने वजने बसवणे मला गैर वाटत नाही.

चाकाच्या बाजूचा दोष निघाला आणि ब्रेक लावताना ‘टक’ येत नसेल, तर आधी चाक बॅलन्स करावे. काम स्वस्त आहे, तासाभरात होते आणि निदान चुकले तरी नुकसान थोडे. दुचाकीचे चाक बसेल असे यंत्र किंवा निदान स्टँड दुकानात आहे का, हे मात्र विचारावे. ‘टक’ येत असेल किंवा हँडल मधोमध अडत असेल तर क्रम उलटा करून कोनसेट आधी घ्यावा, कारण ढिल्या मानेत चाकाचे किरकोळ असंतुलनही मोठे होते आणि ब्रेक लावताना गाडीचा भरवसा राहत नाही. नव्या कोनसेटच्या वाट्या पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसतात, तेव्हा साधारण ५०० किलोमीटरनंतर तो पुन्हा तपासून आवळण्याचे काम त्याच मजुरीत ठरवून घ्यावे.