टेली मानस १४४१६ : पॅनिक अटॅकमधील विसरासाठी घेतलेली मदत

मला पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके, येऊ लागून दीड वर्ष झाले. छातीतील धडधड आणि हातापायांना येणाऱ्या मुंग्या आता ओळखीच्या झाल्या आहेत; भीती वाटते ती त्या वेळच्या विसराची. गेल्या श्रावणात साताऱ्याच्या एसटी स्टँडवर झटका आला, आणि त्यानंतरची माझी पहिली आठवण थेट राजवाड्याजवळच्या एका बाकावर बसल्याची आहे. मधले अंतर मी चालत आले की रिक्षाने, हे मला आजही सांगता येत नाही. त्याच रात्री पुन्हा झटका आला, तेव्हा जाऊबाईंनी माझ्या फोनवरून टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावला.

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केलेली ही सेवा चोवीस तास आणि विनामूल्य असून तिथे मराठीत बोलता येते. त्या पहिल्या फोनविषयी मी स्वतःच्या आठवणीवर विसंबून काहीच लिहू शकत नाही, कारण तोही मला आठवत नाही. फोनमध्ये २२ मिनिटांची नोंद आहे आणि जाऊबाईंनी वहीच्या पानावर उतरवून घेतलेले चार मुद्दे आहेत. म्हणून चार दिवसांनी, मन स्थिर असताना, मी स्वतः पुन्हा फोन केला.

या दुसऱ्या संभाषणाने मला खरा आधार दिला. माझी स्मृती पुसली जात नाही, तर त्या मिनिटांत ती नीट साठतच नाही, हे समुपदेशक ताईंनी कोणतीही घाई न करता समजावले. सगळे लक्ष धोक्यावर खिळल्यामुळे भोवतालचे मनात नोंदले जात नाही. शिवाय श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतील रक्तवाहिन्या आकसतात, गरगरते आणि सारे स्वप्नात घडल्यासारखे वाटू लागते. म्हणून ‘आठव, आठव’ असा ताण स्वतःला देऊ नये, असे त्यांनी सांगितले. मी तोवर रोज रात्री तेच करत होते.

त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता : कोणती गोळी घेता? एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून मी अधूनमधून अल्प्राझोलाम ही घबराट कमी करणारी गोळी घेत होते. या गटातील गोळ्यांमुळेही नव्या आठवणी साठण्यात अडथळा येतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. (जे ती नियमित घेतात त्यांनी ती एकाएकी बंद करू नये, तेही धोक्याचे असते.) फिट, रक्तातील साखर आणि थायरॉइड यांची तपासणी झाल्याशिवाय सगळा दोष घाबरेपणाला देऊ नका, असे बजावून त्यांनी मला क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना भेटण्यास सांगितले. निदान फोनवर होत नाही, हे त्यांनी आपणहून स्पष्ट केले, आणि याच प्रामाणिकपणामुळे माझा या सेवेवर विश्वास बसला.

एक अडचण मात्र लक्षात घ्यावी. झटका चढत असताना मला आकडे दाबता येत नाहीत, क्रमांक तर आठवतच नाही. त्यामुळे तो केवळ रुग्णाला माहीत असून उपयोग नाही. घरातल्यांकडे आणि कामाच्या ठिकाणी एका तरी माणसाकडे तो असायला हवा, आणि फोनवर सांगितलेले लिहून घेणारे कोणीतरी जवळ असावे. माझ्या ओळखपत्रामागे आता १४४१६, घरचा क्रमांक आणि ‘मला धरून बसवा, सावकाश श्वास सोडायला सांगा’ एवढे लिहिलेले आहे.

विसरासोबत जीभ चावली गेली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर मात्र या क्रमांकावर वेळ न घालवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.