व्हील बेअरिंगच्या नावाखाली १५,६५० चा चुना, पिकअपवाल्यांनो वाचा

पुढच्या चाकातून घूंऽऽ आवाज येतोय म्हणून पिकअप गॅरेजला लावणार असाल तर आधी हे वाचा. मला १५,६५० ला गंडवलंय आणि आवाज होता तिथेच आहे. बिलच सांगतो: टेपर बेअरिंग चार नग ९,६००, ऑईल सील दोन ९००, ग्रीस ६५०, मजुरी ४,५००. आठ हजार ॲडव्हान्स आधीच घेतला, बाकीचे ७,६५० चावी हातात द्यायच्या आधी.

असल्या गॅरेजवाल्यांची पद्धत सगळ्यांना माहितीये, तरी माणूस सापडतोच. आणि मी काही अगदीच अडाणी नाही, गाडी माझ्या पोटापाण्याची आहे. आवाज पन्नास-साठच्या स्पीडला सुरू व्हायचा आणि स्पीडबरोबर वाढायचा, ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रल केली तरी तसाच, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा नाही एवढं मलाही कळत होतं. बेअरिंगचाच संशय घेऊन गेलो होतो, आणि गेल्या गेल्या तोंडाने बोललो पण तसंच. त्याला आयतंच मिळालं. तुम्ही जाल तेव्हा फक्त "आवाज येतो" एवढंच बोला, कशाचा ते त्याला सांगू द्या.

आता खरा राग ज्याचा आहे ते. ट्रायल मारून आला, गाडी आत घेतली, मी बाहेर फोनवर. थोड्या वेळाने हाक, "शेठ, या, स्वतःच बघा." चाक जॅकवर अधांतरी. त्याने वर-खाली पकडून हलवलं, खडखड. मग पोराला ब्रेक दाबून धरायला लावला, खडखड बंद. म्हणजे बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा) नाही, बेअरिंगच. टेस्ट अगदी बरोबर आहे हो, कुठलाही चांगला मेकॅनिक हीच करेल, म्हणूनच तर पटलं! पण हबची (चाकाचा मधला भाग, बेअरिंग त्यातच बसतं) ग्रीस कॅप तेव्हा आधीच निघालेली होती. खाली ट्रेमध्ये पडलेली, आणि तिच्या शेजारी स्प्लिट पिन, म्हणजे बेअरिंगचा नट फिरू न देणारी पिन, पाय सरळ करून ओढून काढलेली. अरे, बेअरिंग गेलंय का नाही हे अजून ठरायचं होतं ना, मग पिन कशाला काढली? नट थोडा ढिला केला की धडधाकट टेपर बेअरिंगचं चाकही असंच हलतं, आणि ब्रेक दाबला की असंच गप्प बसतं. ती पिन माझ्या डोळ्यासमोर होती. पण तो चाक दाखवत होता, मी चाक बघत होतो, तिथे कोणीही तेच बघितलं असतं. दुसऱ्या बाजूलाही तोच खेळ. गाडी जॅकवर चढताना समोर उभे राहा, कॅप जागेवर असतानाच चाक हलवून बघा, नाहीतर त्या टेस्टला काडीची किंमत नाही.

जुने पार्ट मागितले, मागितले नाही असं नाही. फडक्यात गुंडाळून चार बेअरिंग दिली, काळीनिळी पडलेली, रोलरवर खड्डे. बघूनच पोटात गोळा आला, म्हटलं बरं झालं बदलली.

आवाज तसाच. फोन केला तर म्हणे "नवीन बेअरिंग आहे शेठ, पाचशे किलोमीटर चालली की सेट होईल." थाप! बरोबर बसवलेलं नवीन बेअरिंग पहिल्या किलोमीटरपासून गप्प असतं.

मग दुसऱ्या मिस्त्रीकडे. त्याने काही खोलायच्या आधी गाडी मोकळ्या रस्त्यावर हलकी डावी-उजवी झुलवली. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, तेव्हा घूं वाढला तर उजव्या बेअरिंगवर संशय, उलट तर डाव्यावर. माझ्या गाडीत काही फरकच नाही. उलट सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरावर आलो तसा आवाज बदलला. उतरला आणि म्हणाला, टायरवर हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे टोचतात. पुढचे टायर मागे टाकले, आवाज मागे गेला. झालं निदान, एक पान्हा आणि एक जॅक.

मग माझ्या हट्टापायी हब खोलला. बेअरिंगवरचे नंबर कंपनीतून आलेलेच, नवीन ग्रीस फक्त वरवर, आतल्या बेअरिंगच्या मागे जुनं काळं ग्रीस आणि सील दगडासारखं कडक. कप, म्हणजे बेअरिंगची हबमध्ये घट्ट बसलेली बाहेरची रिंग, बाहेर काढायचा तर मागून पंच मारावाच लागतो, त्याची ताजी खूण नाही. कप आणि कोन (रोलरवाला आतला भाग) जोडीनेच बदलतात, नुसता कोन बदलला असंही त्याला म्हणता येणार नाही. आणि फडक्यातली ती चार? माझ्या स्टबवर (चाकाच्या दांड्यावर) बसतच नाहीत, बोअरच, म्हणजे आतलं भोकच, लहान आहे. जुने पार्ट घेतले की नंबर तिथल्या तिथे बिलाशी जुळवा, नवीन बसवायच्या आधी खोक्यासकट फोटो काढा.

पोलिसांकडे गेलो, तर "हा दिवाणी मामला आहे, तुमचं तुम्ही बघा". परिवहनच्या ऑफिसात, तर गॅरेज त्यांच्याकडे येतच नाही म्हणे. मग कोणाकडे येतं? ते पण त्यांना माहिती नाही, दुसऱ्या खिडकीला विचारा, दुसऱ्या खिडकीवाला जेवायला गेलेला. ग्राहक तक्रारीसाठी फोन लावला, बाई गोड बोलल्या, अर्ज भरून घेतला आणि वर विचारतात, बेअरिंग बदललं नाही याचा पुरावा काय? नंबरचे फोटो दिले. म्हणे तज्ज्ञाचा लेखी रिपोर्ट पाहिजे. मिस्त्री लिहून द्यायला तयार, तर तो तज्ज्ञ धरत नाहीत. म्हणजे ज्याने बिल फाडलं त्याच्या सहीला किंमत आणि ज्याने हब उघडून दाखवला तो कोणीच नाही! बिलावर पार्ट नंबर नाहीत, नुसतं "बेअरिंग ४ नग", हे पण मलाच ऐकवलं. तुम्ही नंबर लिहिल्याशिवाय बिल घेऊच नका. शेवटी उत्तर आलं, संबंधित गॅरेजशी संपर्क साधावा.

टायर आता तसेही बदलावेच लागणार, शॉकअब्सॉर्बर बसलेत म्हणून ते असे खाल्ले गेलेत, ते पण नवीन. अलाइनमेंट वेगळं.