‘आमच्या मुलीचा पोनी’ विकत घेण्याआधी

इंग्लंड-आयर्लंडमध्ये येऊन मोठ्या वयात पुन्हा शोजंपिंग, म्हणजे घोड्यावर बसून अडथळ्यांवरून उड्या मारायचा खेळ, सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. त्यातही ज्यांची उंची माझ्यासारखी पाच फूट एक इंच आहे आणि ज्यांना वॉर्मब्लड जातीचा धिप्पाड घोडा नको, पोनीच हवाय, त्यांनी जरूर वाचा. फसवणाऱ्यांना हेच गिऱ्हाईक सगळ्यात सोयीचं पडतं. मीही तशीच फसले.

आधी एक गैरसमज काढून टाकते. पोनी म्हणजे माथेरानचं तट्टू नव्हे. नाल नसताना खांद्यापाशी 148 सेंटीमीटरपर्यंत उंची असलेला घोडा तो पोनी, एवढाच त्याचा अर्थ. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कॉनेमारा पोनी तर मोठ्या माणसाला सहज वाहून नेतात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्क्यांच्या आत राहावं असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि चारशे किलोच्या पोनीवर मी त्यात आरामात बसते. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मॅरियन कोक्सने स्ट्रोलर नावाच्या पोनीवर वैयक्तिक रौप्यपदक जिंकलं, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. त्यामुळे ‘एवढी मोठी बाई आणि पोनीवर?’ असं कुणी म्हणालं तर सरळ दुर्लक्ष करा.

अडचण नियमांची आहे, आणि माझ्या फसवणुकीचं एक टोक तिथेच अडकलेलं होतं. इथल्या पोनी वर्गांत सोळाव्या वर्षापर्यंतचीच मुलं उतरतात. मोठ्या माणसाला पोनी घेऊन उतरायचं तर मोठ्यांच्या खुल्या वर्गात, मोठ्या घोड्यांच्या बरोबरीने. तिथे डबल आणि कॉम्बिनेशनमधलं, म्हणजे लागोपाठच्या दोन-तीन अडथळ्यांमधलं अंतर घोड्याच्या बारा फुटांच्या स्ट्राइडवर, म्हणजे ढांगेवर, मोजून लावलेलं असतं. पोनीची ढांग आखूड. त्याला दर वेळी अंग ताणून, जोर लावून ते अंतर गाठावं लागतं. म्हणजे मुलांच्या वर्गात बक्षिसाच्या भरपूर रिबिनी मिळवलेला पोनी तुमच्या वर्गात चालेलच असं नाही. ‘जंपिंग रेकॉर्ड उत्तम’ असं कुणी सांगितलं की कुठल्या वर्गातलं, हे आधी विचारायचं. उंचीच्या दाखल्याचंही तसंच. मुलांच्या वर्गासाठी त्याला मोल आहे, आपल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. माझ्याकडून मात्र त्या दाखल्याचेही पैसे घेतले गेले.

मी घोड्यावर बसायला शिकले मुंबईत महालक्ष्मीला. तिथे बहुतेक घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड. कुठला घोडा कुणाच्या तबेल्यातून आला, कुठल्या पायात दुखणं आहे, हे कट्ट्यावरच्या चहात कळायचं. मोतद्दाराला विचारलं की तो नजरेनेच सांगायचा, घ्या किंवा नका घेऊ. इंग्लंडात आल्यावर हे सगळं जाळं एका रात्रीत तुटतं. हातात नोकरीचा पगार असतो, आवड असते, आणि विचारायला कुणी नसतं.

जाहिरात मोजकी होती. कॉनेमारा, चौदा-दोन (घोड्याची उंची मोजायच्या ‘हात’ या मापात, म्हणजे 148 सेंटीमीटरच्या आसपास), नऊ वर्षांचा, करडा, खच्ची केलेला. ‘मुलगी मोठी झाली, आता तिला घोडा हवा, जड मनाने विकतोय.’ किंमत साडेसात हजार पौंड, म्हणजे आपले साडेआठ लाखांच्या आसपास. विकणारी बाई फोनवर इतकी गोड की विचारू नका. मी मोठी आहे, नव्वद सेंटीमीटर उंच अडथळ्यांचे खुले वर्ग करायचेत, म्हटल्यावर म्हणाली, हा तुमच्यासाठीच जन्मलाय.

बघायला गेले तर पोनी खोगीर चढवून तयार. खोगिराखालच्या कापडाची कड ओली आणि गळ्यापाशी घाम वाळून आलेला पांढुरका पट्टा. ‘मुलगी आत्ताच जरा फिरवून आली.’ मुलीने त्याला रिंगणात भराभर चार उड्या मारून दाखवल्या. रिंगण मऊ वाळूचं, खाली फायबर मिसळलेलं. त्या जमिनीवर दुखरा पाय फारसा बोलत नाही. मी म्हटलं, काँक्रीटवर दुडक्या चालीने चालवून दाखवा, लहान गोलात. तर सकाळी पाऊस झालाय, घसरेल. पाऊस खरंच झाला होता, त्यामुळे वादाला जागा नव्हती.

खरेदीपूर्वीची पशुवैद्यकीय तपासणी मी माझ्या खर्चाने, बाहेरच्या डॉक्टरकडून करून घेतली, आणि दोन टप्प्यांची स्वस्तातली नव्हे, पाच टप्प्यांची. बाईने सुचवलेला डॉक्टर टाळला. पाच टप्प्यांत आधी उभ्या उभ्या तपासतात, मग हाताने चालवून-पळवून, मग स्वारीखाली जोर लावून, मग विश्रांती, आणि शेवटी पुन्हा पळवून. दीड-दोन तास लागतात. घोड्याच्या मानेतली ओळखीची चिप स्कॅन करून त्याच्या पासपोर्टशी ताडून बघतात. सगळं ठीक निघालं. डॉक्टरने रक्ताचा नमुनाही घेतला. तो प्रयोगशाळेत सहा महिने नुसता ठेवतात. तुम्ही मागणी केली आणि वेगळे पैसे भरले तरच त्यात औषधं शोधतात. आदल्या दिवशी बाईने फोनवर सहज विचारलं होतं, ‘रक्त वगैरे घेणार आहेत का?’ ज्याच्या घोड्याला काही दिलेलं नाही त्याला हा प्रश्न सुचत नाही, असं मला आता वाटतं. रक्त घेऊन ठेवतात, तपासतात क्वचित, हे तिलाही माहीत असावं.

पैसे बँक ट्रान्सफरनेच हवे होते. पावतीवर लिहिलेलं: ‘आहे त्या स्थितीत विकला, खासगी विक्री.’

पोनी आला. पहिला आठवडा शांत, गोड, हाताने गाजर खाणारा. मग एका सकाळी कडक जमिनीवर वळताना डोकं खाली-वर करू लागला, पुढचा उजवा पाय टेकताना जरा आखडून. उड्यांवर नेलं की अडून राहायचा, आणि घेतलीच उडी तर उतरताना कान मागे. मी बाईला लिहिलं. लगेच उत्तर आलं, बदामाच्या इमोजींसकट. नवी जागा आहे, बिचारा बावरलाय, सहा आठवडे द्या, सगळे पोनी असेच करतात. 

इथे जरा थांबा, कारण पूर्ण फसवणुकीतला सगळ्यात हुशार भाग हाच होता. नव्या तबेल्यात घोड्याला रुळायला वेळ लागतो हे खरंच आहे, कुणीही अनुभवी माणूस तसंच सांगेल. पण इंग्लंडच्या ग्राहक कायद्याने, म्हणजे 2015 च्या कंझ्युमर राइट्स अ‍ॅक्टने, व्यापाऱ्याकडून घेतलेला माल सदोष निघाला तर तो परत करून पूर्ण पैसे मागायचा थेट हक्क तीसच दिवस असतो. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस. तीस दिवस उलटल्यावर मार्ग बंद होत नाहीत, पण लांब आणि भांडखोर होतात. बदाम पाठवत पाठवत तिने कॅलेंडर काढून घेतलं. आणि मुळात ‘मुलीचा पोनी’ ही गोष्टही त्याचसाठी होती. हा कायदा व्यापाऱ्याला लागू होतो, घरगुती विक्रेत्याला नाही. खासगी माणसाकडून घेतलं तर त्याने धडधडीत खोटं सांगितल्याचं तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं.

लंगडणं वाढल्यावर मी पासपोर्ट नीट वाचायला घेतला. इथे प्रत्येक घोड्याला पासपोर्ट लागतो, आणि त्यात घोड्याची रेखाकृती असते, अंगावरचे भोवरे खुणांनी दाखवलेले. सारंगखेड्याच्या बाजारात आपले लोक भोवरा कुठे आहे त्यावरून घोडा शुभ की अशुभ ते ठरवतात, इथे तोच भोवरा ओळख पटवायला कामी येतो. भोवरे जुळत होते, चिप जुळत होती. मालकाच्या पानावर मात्र विकणाऱ्या बाईचं नावच नव्हतं. पासपोर्ट हा मालकीचा पुरावा नाही हे मला ठाऊक होतं, पण ‘मुलीचा पोनी’ असेल तर तिथे त्या घरातलं कुणीतरी असायला हवं ना? होतं श्रॉपशरमधल्या एका वयस्कर बाईंचं नाव. ज्या संस्थेने पासपोर्ट दिला तिने माझा निरोप पोचवला आणि त्या बाईंनी स्वतः फोन केला.

त्यांनी तो पोनी जेमतेम काही आठवड्यांपूर्वी विकला होता. स्वस्तात, नुसत्या रानातल्या हलक्या रपेटीसाठी, उड्या मारायच्या नाहीत या बोलीवर. पुढच्या दोन्ही खुरांत नॅविक्युलर नावाच्या हाडाचं दुखणं, एक्स-रेसकट. त्यांनी ते सगळं मला ईमेल केलं आणि वर म्हणाल्या, त्याच्या पाठीवर कुणी नव्वदच्या उड्या मारल्या का? बिच्चारा.

मग मी साठवलेलं रक्त तपासायला लावलं. फिनाइलब्युटाझोन निघालं. घोडेवाल्यांच्या भाषेत ‘ब्यूट’, वेदनाशामक. म्हणजे तपासणीच्या दिवशी पाय दुखत होताच, फक्त त्याला ते कळत नव्हतं.

बँकेने हात वर केले. ऑक्टोबर 2024 पासून इथे फसवून करून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे बँकांनी परत द्यायचे असा नियम आहे, पण माल मिळाला आणि तो वाईट निघाला तर ती खासगी तक्रार मानतात. क्रेडिट कार्डाने निदान थोडी रक्कम भरली असती तर चित्र वेगळं असतं. मी विचारलं तेव्हा ती विकणारी बाई म्हणाली होती, घरगुती विक्रीत कार्डाचं मशीन कुठून असणार? 

एरवी हे तसंच राहिलं असतं. फरक पडला तो फोन नंबरमुळे. तबेल्यातल्या एका मुलीने तो नंबर विक्रीच्या साइट्सवर शोधला, आणि त्याच नंबरच्या जाहिराती निघत गेल्या: कधी ‘आईचा शांत कॉब’ (बळकट, बुटका घोडा), कधी ‘मुलाचा पोनी’, दर वेळी वेगळं नाव, तेच लाकडी फाटक मागे. व्यापारी असून घरगुती विक्रेता असल्याचं भासवणं हा इथे गुन्हा आहे. ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्दही मग व्यापाऱ्याला वाचवत नाहीत.

नंदुरबारकडचे माझे मामा बैलबाजारात वाढलेले. त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, “अगं, रुमालाखाली बोटं दाबून सौदे करणारा दलाल निदान दलाल म्हणून समोर बसतो. ही बाई तर आई होऊन बसली होती.” 

दावा मी ऑनलाइन भरला. त्याआधी पत्र पाठवावं लागतं, पुराव्यांसकट, उत्तराला मुदत देऊन. दहा हजार पौंडांपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे कोर्टाच्या छोट्या दाव्यांच्या सोप्या मार्गाने जातात, वकील लागत नाही, आणि 2024 पासून त्यात फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे. तासाभराची, फुकट. तबेल्याचं भाडं, डॉक्टर, एक्स-रे असं सगळं धरूनही माझा आकडा मर्यादेत बसत होता. बाई पूर्ण किंमत द्यायला तयार झाली, पण पोनी परत हवा म्हणाली. पुन्हा ब्यूट देऊन पुढच्या कुणाला विकण्यासाठीच हवा होता, हे उघड होतं. मी पाच हजारांवर तोडलं आणि पोनी ठेवून घेतला. अडीच हजार, शिवाय सगळा खर्च, गेला. तो आता श्रॉपशरला, त्या वयस्कर बाईंच्याच कुरणात आहे, विशेष नाल लावून.

तुम्ही घ्यायला निघालात तर प्रश्न तोंडी विचारू नका, लिहून विचारा. कधीपासून तुमच्याकडे आहे, पासपोर्टावर कुणाचं नाव आहे, मागच्या सहा महिन्यांत कुठलं औषध दिलं, कधी लंगडला का, यंदा कुठल्या वर्गात आणि कुठल्या स्वाराबरोबर उतरला. व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तर पुढे पुरावा होतं. स्पर्धेतले निकाल घोड्याच्या नावावरून ब्रिटिश शोजंपिंग या संस्थेच्या नोंदीत स्वतः शोधा, त्यांनी पाठवलेला फोटो पुरेसा नाही. कळवल्याशिवाय पोहोचा, निदान तासभर आधी, आणि पोनीला फिरवून अंग गरम करण्याआधी, तो थंड असतानाच, घोट्यांना-खुरांना हात लावून बघा. कडक जमिनीवर लहान गोलात पळवल्याशिवाय परत फिरू नका, पाऊस असला तर दुसऱ्या दिवशी जा. कॉनेमारा असेल तर खुराची भिंत सुटण्याच्या आनुवंशिक रोगाची जनुकीय चाचणी झालीय का ते विचारा, तिचा निकाल कागदावर असतो. आणि पहिल्या महिन्यात काही खटकलं तर त्याच दिवशी लेखी कळवा, स्वारी थांबवा, बदामांना उत्तर देत बसू नका.

गेल्या महिन्यात त्याच फाटकाच्या पार्श्वभूमीवर एक चॉकलेटी वेल्श पोनी दिसला. ‘मुलगी विद्यापीठात गेली.’ नंबर नवा आहे. स्क्रीनशॉट मी लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या हेल्पलाइनमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, पाठवला आहे. अजून उत्तर नाही.