बंपर पूलचे टेबल, ७१,४४० रुपये आणि न वाचलेली बिल्टी

२४ मे २०२५ रोजी, महिन्याच्या चौथ्या शनिवारी, सकाळी पावणेबाराच्या सुमारास मी एका बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टने आणलेल्या मालाच्या कागदावर, सही केली. तिच्यावर मालाचे वजन ३४ किलो आणि घोषित मूल्य ४,५०० रुपये असे स्वच्छ अक्षरांत छापलेले होते, आणि त्या मालापोटी, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या बंपर पूल या खेळाच्या टेबलापोटी, मी तोपर्यंत ७१,४४० रुपये मोजून बसलो होतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी एकतीस वर्षे दिवाणजी होतो. बिल्टी वाचणे, वजन ताडून पाहणे, तफावत दिसली की गाडी थांबवणे हीच माझी भाकरी होती. तरीही स्वतःच्या घरच्या मालाची बिल्टी मी वाचली नाही. घरात आजही खरी रक्कम फक्त माझ्या पत्नीला ठाऊक आहे. येथे मात्र मी ती रुपयाअखेर लिहिणार आहे, कारण असेच टेबल घ्यायला निघालेल्या दुसऱ्या कोणाला तरी तिचा उपयोग व्हावा.

या वयात असले टेबल कशाला, असे मला पोलीस ठाण्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनी विचारले, म्हणून तेही सांगतो. २०२३ साली मी चार महिने मुलीकडे अमेरिकेत, मिशिगनमध्ये होतो. बाहेर पडावे तर थंडी, घरात बसावे तर बोलायला माणूस नाही. तिच्या घराच्या तळघरात बंपर पूलचे एक जुने टेबल होते आणि संध्याकाळी दोन्ही नातवंडे माझ्याबरोबर त्यावर खेळत. खेळ दोघांचा असतो. प्रत्येकाकडे पाच बॉल, एकाचे पांढरे तर दुसऱ्याचे वेगळ्या रंगाचे, आणि त्यांपैकी एकेक खुणेचा. नेहमीच्या पूलमध्ये लागतो तसा वेगळा पांढरा बॉल येथे मारावा लागत नाही, आपण आपल्याच बॉलला काठीने टोला देतो. टेबलाला सहा नव्हे, दोनच पॉकेट असतात, दोन्ही आखूड बाजूंच्या मध्यावर एकेक. रबरी कडे चढवलेले बारा खुंट म्हणजे बंपर. आठ टेबलाच्या मधोमध आणि दोन-दोन प्रत्येक पॉकेटच्या दोन्ही अंगांना. दोघांनी खुणेचे बॉल एकाच वेळी मारून डाव सुरू करायचा आणि खुणेचा बॉल पॉकेटमध्ये गेल्याशिवाय बाकीचे घालायचे नाहीत. जन्मभर कॅरम खेळलेल्या माणसाला हा खेळ लगेच हाती लागतो, कारण रिबाउंडचा कोन त्याच्या डोळ्यांत आधीच बसलेला असतो. मुलगी जूनमध्ये मुलांना घेऊन सांगलीला येणार होती, आणि त्या दीड महिन्यासाठी तोच खेळ आपल्या घरात असावा, एवढीच माझी इच्छा होती.

मी अविचाराने खरेदी केली, हा आरोप मला मान्य नाही. विश्रामबागेतल्या आमच्या घराचा पुढचा हॉल चौदा फूट बाय अकरा फूट आहे. सात फुटी पूल टेबलाची खेळण्याची जागा ७८ बाय ३९ इंच असते आणि काठी सुमारे ५७ इंच लांब, त्यामुळे चारी बाजूंनी मोकळेपणाने टोला मारायचा तर खोली जवळजवळ सोळा फूट बाय पावणेतेरा फूट लागते. ते आमच्याकडे शक्य नव्हते. बंपर पूलचे टेबल बाहेरून साधारण ४८ बाय ३२ इंच आणि काठी ४८ इंच, म्हणजे बारा फूट बाय पावणेअकरा फुटांत काम भागते. हॉलमध्ये खडूने चौकट आखून, काठीऐवजी बांबू धरून मी हे पडताळून पाहिले होते. ज्यांना घरासाठी असे टेबल घ्यायचे आहे त्यांनी टेबलाचे नव्हे, काठीसह लागणाऱ्या जागेचे माप आधी घ्यावे.

खरी अडचण पुढे होती. कॅरम बोर्ड हवा तर दुकानात जाऊन, त्यावर सोंगट्या फिरवून पाहून घेता येतो, पण बंपर पूलचे टेबल मी सांगलीत, मिरजेत, कोल्हापुरात कोणाकडेही पाहिले नाही. म्हणून मी एका जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडचा मनुष्य गोड मराठी बोलत होता, मला ‘काका’ म्हणत होता आणि आपला कारखाना पुण्यात असल्याचे सांगत होता. टेबलाचा पाट पाऊण इंच जाडीच्या स्लेटचा, म्हणजे आपल्या जुन्या पाटीच्या दगडाचा, वर लोकरी बनात, बॉल फिनॉलिक रेझिनचे, किंमत ६२,००० रुपये. त्याने एका सुंदर टेबलाची चित्रफीत पाठवली. त्यात कोणीतरी पाटावर बोटाची पेरे आपटत होते आणि भरीव, दगडी आवाज येत होता. त्या आवाजावर मी भाळलो.

त्याने पाठवलेल्या कोटेशनवर जीएसटी क्रमांक होता आणि तो ०९ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, ०९ म्हणजे उत्तर प्रदेश, हे अडतीत काम केलेल्या मला कोणी शिकवायला नको. मी विचारले. ‘काका, हेड ऑफिस तिकडे आहे’ असे उत्तर आले आणि मला ते पुरले. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला असता तर नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे दोन मिनिटांत कळले असते. पुढे पाहिले तेव्हा ती एका शिवणकामाच्या धंद्याची निघाली.

पैसे असे गेले. ६ मे रोजी बुकिंगचे १५,०००. १४ मे रोजी ‘माल तयार आहे’ म्हणून ३२,०००. उरलेले १५,००० माल हाती आल्यावर द्यायचे ठरले होते आणि याच अटीमुळे मी निश्चिंत होतो. १७ मे रोजी वाहतूक विम्याचे म्हणून ५,८०० मागितले, माल सुखरूप पोहोचल्यावर परत मिळतील असे सांगून. परत मिळणारी म्हणून कोणी रक्कम मागितली की तेथेच थांबावे, हे मी आता लिहितो आहे. त्या दिवशी मी थांबलो नाही.

आता २४ मेचा तो अर्धा तास. ट्रान्सपोर्टच्या गोदामातून फोन आला म्हणून मी आणि पत्नी टेम्पो घेऊन गेलो. गर्दी होती, उकाडा होता, टेम्पोवाला घाई करत होता. तेथील माणूस म्हणाला की पाठवणाऱ्याचा होकार आल्याखेरीज माल सोडता येणार नाही. मी विक्रेत्याला फोन केला, तर तो म्हणाला की उरलेले १५,००० आता पाठवा, लगेच होकार देतो. पत्नी शेजारी उभी राहून स्पष्ट शब्दांत म्हणाली, ‘अहो, आधी उघडून बघा.’ मी गोदामातल्या माणसाला खोके उघडण्याविषयी विचारले, त्याने नकार दिला, आणि मी तेथेच उभे राहून १५,००० रुपये पाठवले. वर टू-पे भाड्याचे, म्हणजे माल घेणाऱ्याने भरायच्या भाड्याचे, ३,६४० रोख दिले. त्यानंतर बिल्टी माझ्या हातात आली आणि सहीची जागा तेवढी पाहून मी सही केली.

त्या कागदावर सगळे होते. माल कोठून निघाला तर पुण्याहून नव्हे, परराज्यातून. मालाचे वर्णन ‘प्लाय फर्निचर’. घोषित मूल्य ४,५०० रुपये, म्हणजे ज्या मालाच्या विम्यासाठी मी ५,८०० रुपये भरले होते त्या मालाची पाठवणाऱ्याच्याच लेखी किंमत विम्याच्या रकमेपेक्षा कमी. परराज्यातून येणाऱ्या ६२,००० रुपयांच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन काढायचा कागद, लागते, कारण मर्यादा ५०,००० ची आहे. येथे ते नव्हतेच. आणि वजन ३४ किलो. आतून ४४ बाय २८ इंचांचा पाट, पाऊण इंच जाडी, आणि स्लेटच्या एका घनफुटाचे वजन सुमारे ७६ किलो, असा साधा गुणाकार केला तरी एकटा दगडच चाळीस किलोंच्या वर भरतो. त्यावर लाकडी चौकट, चार पाय, बॉल, काठ्या आणि पॅकिंगच्या फळ्या. ३४ किलोंत स्लेटचे टेबल बसू शकत नाही. हमालाने एकट्याने ते खोके टेम्पोत चढवले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आणि तरीही मला काही वाटले नाही. हळदीच्या पोत्यामागे अर्ध्या किलोची तफावत आली तर मी शेतकऱ्याला थांबवून पुन्हा काटा करायला लावत असे. त्या दिवशी ती नजर कोठे गेली होती, हा प्रश्न मी रात्री-अपरात्री स्वतःला विचारत असतो.

घरी खोके उघडले. बनातीखाली भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचे दोन तुकडे जोडलेले होते आणि सांधा टेबलाच्या मधोमध, नेमका बंपरांच्या खाली आलेला होता. पाणसळ ठेवून पाहिली, तर बुडबुडा दोन ठिकाणी दोन वेगळ्या बाजूंना पळत होता. कोठूनही सोडलेला बॉल एकाच कोपऱ्यात जाऊन थांबे. बॉल दहाऐवजी नऊ होते आणि पांढऱ्यांतला खुणेचा बॉलच नव्हता, म्हणजे नियमाप्रमाणे डाव सुरूही करता येत नव्हता. तेवढ्या आकाराचा चांगला बॉल सुमारे १४० ग्रॅम भरतो. हे काट्यावर ९६ भरले. पाऊस सुरू झाल्यावर आठवड्याभरात सांध्याजवळचा बोर्ड फुगून वर आला. कोणतेही टेबल घेताना आधी त्याच्या खाली वाकून पाहा. वरची बनात सर्वांचीच चांगली दिसते.

विक्रेत्याने आधी ‘चुकून दुसरा माल गेला, बदलून देतो’ म्हणून नऊ दिवस घालवले. त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. लाज वाटत होती, आणि बदलून मिळेल ही आशाही होती, म्हणून मी गप्प बसलो. १९३० या सायबर मदत क्रमांकावर मी २ जूनला फोन केला. तो क्रमांक पहिल्या काही तासांत उपयोगी पडतो, कारण पैसे समोरच्या खात्यात असतानाच गोठवता येतात. माझे पैसे केव्हाच पुढे सरकले होते. ही चूक माझी आहे आणि ती मी कोणावर ढकलत नाही.

मात्र पुढे जे झाले ते माझ्या चुकीमुळे झाले नाही. पोलीस ठाण्यात, कोणत्या ते लिहीत नाही, पहिल्या दिवशी मला सांगण्यात आले की माल घरी आलेला आहे, त्यामुळे ही फसवणूक नसून दिवाणी बाब आहे. ६२,००० रुपयांच्या दगडी टेबलाचे पैसे घेऊन जाणूनबुजून भुशाचा बोर्ड पाठवणे, खोटा पत्ता देणे, दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक छापणे, ही जर दिवाणी बाब असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ कशासाठी आहे, असे मी विचारले. त्यावर ‘साहेब बंदोबस्ताला गेले आहेत, सोमवारी या’ असे उत्तर मिळाले. सोमवारी गेलो, तर हा ऑनलाइन व्यवहार आहे म्हणून सायबर कक्षाकडे पाठवले. सायबर कक्षात सांगितले की कोणी खाते हॅक केलेले नाही, पैसे तुम्हीच स्वतःच्या हाताने पाठवले, तेव्हा आधीच्याच ठाण्यात जा. तिसऱ्या खेपेस ठाण्यात माझ्याकडून तक्रार अर्ज घेतला, आवक क्रमांक टाकून प्रत दिली आणि गुन्हा मात्र नोंदवला नाही. आवक क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. अनेक माणसे तो कागद जपून ठेवतात आणि आपली तक्रार दाखल झाली असे समजतात. माझेही तसेच झाले होते. एका अधिकाऱ्याने माझ्या अर्जातला ‘बंपर’ हा शब्द वाचून गाडीच्या बंपरचा व्यवहार का, असे विचारले आणि मी खेळ समजावून सांगू लागताच घड्याळाकडे पाहिले. पासष्टी ओलांडलेल्या माणसाने सहा चकरा मारल्यावर त्याला बसायला खुर्ची द्यावी, एवढीही अपेक्षा ठेवू नये काय? मला भीक नको होती, नोंद हवी होती.

बँकेत अर्ज दिला, तर ‘व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलेला आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याची कागदपत्रे पाहून कोणत्या तरी शाखेने ते खाते उघडलेच असेल. त्या कागदपत्रांवरचा पत्ता मला नको, पोलिसांना द्या, असे मी म्हणालो, तर पोलिसांनी लेखी मागितल्याशिवाय देता येत नाही असे सांगण्यात आले. पोलिसांकडे गेलो, तर गुन्हा नोंद झाल्याशिवाय मागता येत नाही. या दोन खिडक्यांच्या मध्ये मी जून महिना उभा राहिलो.

ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. त्याआधी नोंदणीकृत टपालाने पाठवलेली माझी नोटीस ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत आली. बुकिंगचा पहिला रुपया देण्याआधी विक्रेत्याच्या पत्त्यावर एक साधे पत्र पाठवून पाहावे. ते परत आले तर तुमचे पैसे वाचले.

२० जूनला मुलगी मुलांना घेऊन आली. टेबल मी चादरीखाली झाकून ठेवले होते, पण मुलांनी ते शोधलेच. मी त्यांना ती चित्रफीत दाखवत होतो, मला काय सांगितले होते आणि काय आले ते समजावत होतो, तेव्हा नऊ वर्षांची नात म्हणाली, ‘आबा, हे सॉकेट तर आमच्या घरासारखं आहे.’ चित्रफितीत टेबलामागच्या भिंतीवर दोन उभ्या चपट्या फटींचे अमेरिकी सॉकेट होते. पुण्यातल्या कारखान्यात ते कोठून येणार? चार महिने रोज सकाळी चहाच्या किटलीची पिन मी अशाच सॉकेटमध्ये घातली होती आणि ती चित्रफीत मी निदान वीस वेळा पाहिली होती.

११ ऑगस्टला तीच चित्रफीत मला पुन्हा एका जाहिरातीत दिसली. नाव नवे, फोन क्रमांक नवा, किंमत ५८,००० रुपये. तिचे चित्र आणि नवा क्रमांक मी माझ्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून ठाण्यात नेऊन दिला, त्याची पोच अजून मिळालेली नाही. चित्रफीत ओळखण्याची खूण अशी: टेबल काळपट लाकडाचे, बनात निळी, उजव्या हाताला भिंतीवर ते सॉकेट, आणि पेरे आपटणाऱ्या हाताच्या मनगटावर चामडी पट्ट्याचे घड्याळ. ही चित्रफीत कोणी पाठवली तर एक रुपयाही देऊ नका आणि त्याच दिवशी १९३० वर कळवा.